पाच मार्कांचे पलुसकर

ज्यांना ऐकायला वेळ नाही, रेंज नाही, किंवा शेजारी कुणीतरी झोपलंय म्हणून आवाज करता येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना जिथं अडखळलो ते काढलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

तर झालं असं. दिवाळीत बहिणीकडे बेंबळीला गेलो होतो. बेंबळी म्हणजे धाराशिव तालुक्यातलं गाव. माझी भाची आठवीत आहे. ती गाणं शिकते आणि तिची संगीताची परीक्षा जवळ आली होती. गाण्याच्या परीक्षेत नुसतं गाऊन भागत नाही, लेखी पेपरही असतो. रागाची माहिती लिहा, ताल लिहा, आणि हो, संगीतकारांची चरित्रं लिहा. ही वही घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, हे विष्णू दिगंबर पलुसकर कोण हायत? पाच मार्काला येतंय म्हणले सर."

मी फराळाच्या ताटावर होतो. म्हटलं, "सोपं आहे की. जन्म १८७२, कुरुंदवाड. मृत्यू १९३१, मिरज. १९०१ साली लाहोरला गाण्याची शाळा काढली. चार ओळी पाठ कर, झाले पाच मार्क."

तिनं लिहून घेतलं. मग पेन थांबलं. "लाहोर? पाकिस्तानातलं? कुरुंदवाडचा माणूस गाण्याची शाळा काढायला तिकडं कशाला गेलता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतिहासाचा पॉडकास्ट करणारा माणूस मी, आणि एका आठवीच्या पोरीनं मला चकलीसकट गप्प केलं. आजचा भाग म्हणजे तिला द्यायचं राहिलेलं उत्तर.

सुरुवात बेंबळीपासूनच करू. समजा, १८९० साल आहे आणि बेंबळीत एखाद्या पोराला गाण्याचं वेड आहे. त्याच्या कानावर काय पडत असेल? तर खूप काही. देवळात भजन आहे. सप्ताह आहे, कीर्तन आहे, पखवाज आहे. गोंधळी आहेत, संबळ आहे, तुळजापूर काही लांब नाही. गावात गाणं नव्हतं असं कुणी म्हणू नये. पण ज्याला आपण आज शास्त्रीय गाणं म्हणतो, म्हणजे ख्याल, तो त्या पोराच्या वाट्याला आला असता का? अवघड होतं. आपला हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. दरबारी गाणं दरबारात, हैदराबादेत. ते ऐकायचं तर तुम्हाला आत बोलावणं लागायचं. आणि शिकायचं तर उस्ताद किंवा बुवांच्या घरी जाऊन राहायचं, सेवा करायची, आणि ते कधी शिकवतील, काय शिकवतील, किती वर्षं शिकवतील हे त्यांच्या मर्जीवर. पुस्तक नाही, वेळापत्रक नाही, फी नाही, परीक्षा नाही. फी नाही हे ऐकायला बरं वाटतं, पण फी नसते तिथं दार उघडायचा ठरलेला मार्गही नसतो. शिकवायचं की नाही ते गुरूच्या मनावर, आणि गुरूचं पोट राजाच्या मनावर.

आता आपला हिरो. विष्णू दिगंबर. जन्म १८ ऑगस्ट १८७२, कुरुंदवाड. हे आज कोल्हापूर जिल्ह्यात येतं, तेव्हा ते पटवर्धनांचं छोटं संस्थान होतं. आडनाव मूळचं गाडगीळ, पलूस गावावरून पलुसकर झालं. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. म्हणजे बघा, हा मुलगा काही दरबारी गवयाच्या घरात जन्मला नव्हता. आपल्याकडे सप्ताहात जे बुवा उभे राहतात, तसल्या घरातला. गाणं त्याच्या घरात होतं, पण कीर्तनातलं.

मग दुर्घटना झाली. लहानपणी दत्तजयंतीच्या वेळी नरसोबाच्या वाडीत फटाक्याच्या दारूचा भडका उडाला आणि त्याच्या डोळ्यांना इजा झाली. मिरजेत उपचार झाले, पण दृष्टी पुरती परत आली नाही. त्या काळात जवळपास आंधळ्या झालेल्या मुलानं करायचं काय? शाळा संपली. कारकुनी नाही, भिक्षुकीची पोथी वाचणं नाही. गळा मात्र चांगला होता. मिरजेच्या राजेसाहेबांनी त्याला पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाती सोपवलं.

या बाळकृष्णबुवांविषयी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. महाराष्ट्रात ग्वाल्हेर घराण्याची ख्यालगायकी रुजवणारे म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यांनी ती विद्या ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशींकडून घेतली. वासुदेवबुवांचे गुरू हस्सू खाँ. म्हणजे कुरुंदवाडच्या कीर्तनकाराच्या मुलाच्या गळ्यात जे गाणं उतरलं, ते एका मुसलमान उस्तादाकडून, दोन मराठी बुवांच्या हातून आलं होतं.

विष्णू बुवांकडे जवळजवळ १८९६ पर्यंत शिकला. रियाज कडक. राजाचा आश्रय, राहण्या-जेवण्याची सोय, उत्तम गुरू. एका गवयाला त्या काळात आणखी काय हवं? आयुष्य मिरजेत आरामात गेलं असतं.

पण त्यानं मिरज सोडलं. का सोडलं, याचा एक प्रसंग त्याच्या चरित्रांतून नेहमी सांगितला जातो. गावात काही समारंभ होता. विष्णूला राजाच्या मर्जीतला म्हणून बोलावणं आलं, पण त्याच्या गुरूंना नाही. का नाही? तर ते काय, गवईच. आपण ज्याच्या पाया पडतो, तो माणूस गावाच्या लेखी पाहुणासुद्धा नाही, हे त्याच्या मनाला लागलं. गाणं सगळ्यांना आवडतं, पण गाणाऱ्याला सतरंजीच्या कडेला बसवतात. हे बदलायचं तर राजाच्या पदराखाली बसून बदलणार नाही, हे त्यानं ओळखलं असावं.

मंडळी, इथं जरा थांबा आणि वय मोजा. चोविसाव्या वर्षी, डोळ्यांनी नीट दिसत नसताना, हातातली खात्रीची भाकरी सोडून हा बाहेर पडला. सोबत दोन गुरुबंधू आणि तानपुरे. पुढची चार-पाच वर्षं तो फिरत राहिला. सातारा, बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब. सौराष्ट्रात असताना त्यानं तिकीट लावून जाहीर कार्यक्रम केला. आज आपल्याला यात काहीच वाटत नाही, आपण मोबाईलवर सीट निवडतो. पण तेव्हा ही भानगड नवीन होती. तिकिटाचा अर्थ असा की, समोर बसलेला माणूस कोण, कुठल्या जातीचा, राजाच्या ओळखीचा की नाही, हे कुणी विचारत नाही. पैसे दिले, बसा. आणि गाणारा कुणाचा मिंधा नाही.

मथुरेला त्यानं ब्रजभाषा शिकून घेतली. कारण? ख्यालाचे शब्द त्या भाषेतले. बरेच गवई शब्दांकडे बघतच नसत. तोडमोड झालेले शब्द पिढ्यान्पिढ्या तसेच गायचे. याला अर्थ कळायला हवा होता. ही शिक्षकाची खोड. नुसत्या गायकाला तिची गरज पडत नाही.

आता भाचीचा प्रश्न. लाहोरच का?

एक तर असं बघा की १९०१ साली लाहोर परदेश नव्हतं. मिरजेहून लाहोरला जायला पासपोर्ट लागत नव्हता, रेल्वेचं तिकीट लागत होतं. दुसरं म्हणजे, लाहोर त्या वेळी शाळा-कॉलेजांचं शहर बनत होतं. पंजाब विद्यापीठ १८८२ चं. आर्य समाजाच्या लोकांनी डीएव्ही शाळा १८८६ साली तिथंच काढली. म्हणजे फी भरून, वर्गात बसून, परीक्षा देऊन काहीतरी शिकायचं असतं, ही सवय लागलेला नोकरदार, वकील, व्यापारी असा वर्ग तिथं होता. माझ्या मते हेच खरं कारण. संस्थानात राजा असतो, लाहोरात पालक होते. शाळेला राजा नाही लागत, पालक लागतात.

५ मे १९०१ ला गांधर्व महाविद्यालय सुरू झालं. राजाच्या पैशावर नाही, लोकांच्या वर्गणीवर, फीवर आणि कार्यक्रमांच्या कमाईवर चालणारी गाण्याची शाळा. सांगतात की सुरुवातीला कुणी फिरकेचना. हे मात्र ठरल्या वेळी यायचे, तानपुरा लावायचे आणि रिकाम्या खोलीत गात बसायचे. तुमच्यापैकी ज्यांनी चॅनल काढलाय आणि पहिले तीन महिने सात व्ह्यूज बघितलेत, त्यांना हे दुःख कळेल.

मग हळूहळू मुलं आली. आणि शाळा म्हटल्यावर सगळं नव्यानं बनवावं लागलं. पहिल्या वर्षी काय शिकवायचं, दुसऱ्या वर्षी काय? चाळीस मुलांना एकदम राग कसा शिकवायचा? गुरूच्या घरी एक शिष्य समोर बसतो, चुकला की गुरू थांबवतो. वर्गात ते जमत नाही. म्हणून स्वर कागदावर लिहायची पद्धत हवी, म्हणजे नोटेशन. विष्णू दिगंबरांनी स्वतःची पद्धत बनवली. क्रमिक पुस्तकं लिहिली, छापली. नियतकालिक चालवलं. तिकडे विष्णू नारायण भातखंडे स्वतंत्रपणे वेगळी पद्धत बनवत होते. माझ्या भाचीच्या वहीत दोन्ही आहेत आणि तिचा नेहमी घोळ होतो. भातखंडे कोमल स्वराखाली आडवी रेघ मारतात, पलुसकर त्याचा पाय मोडतात. परीक्षेत एक विचारलं आणि दुसरं लिहिलं की मार्क गेले. तर ताई, हा घोळ सव्वाशे वर्षांचा आहे, तुझ्या एकटीचा नाही.

शाळेत दोन प्रकारची मुलं होती. एक, संध्याकाळी हौसेनं येणारी, फी भरणारी. दुसरा होता उपदेशक वर्ग. या मुलांची राहण्या-जेवण्याची सोय शाळा करायची, पैसे घ्यायची नाही, आणि त्यांनी नऊ वर्षं शिकायचं असा करार. शिकून त्यांनी देशभर जाऊन शिकवायचं. गरीब घरातली, गळा असलेली मुलं यात आली. पुढं मोठी झालेली नावं बघा: ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर. ही सगळी पलुसकरांच्या तालमीतली.

पण हिशेब लक्षात आला का तुमच्या? फी न देणारी मुलं वाढत जातात, त्यांना रोज दोन वेळ जेवायला लागतं. आणि वर राजा नाही.

१९०८ साली मुंबईत शाखा निघाली आणि मग मुक्कामच मुंबईला हलला. मुंबईत त्यांनी मोठं स्वप्न बघितलं. सँडहर्स्ट रोडला शाळेची स्वतःची इमारत, मुलांचं वसतिगृह. त्यासाठी कर्ज काढलं. कर्ज फेडायला गावोगाव कार्यक्रम, दौरे. म्हणजे ज्यानं शाळेत शिकवायचं तो माणूस शाळेच्या हप्त्यांसाठी बाहेर. हे चक्र तुमच्या ओळखीचं असेल. शेतकऱ्याच्या घरात तर नक्कीच.

१९२४ साली व्हायचं ते झालं. सावकारांनी जप्ती आणली आणि इमारतीचा लिलाव झाला. ज्या शाळेसाठी मिरज सोडलं, लाहोर उभं केलं, ती शाळा हातातून गेली. तेव्हा त्यांचं वय बावन्न.

या सगळ्याच्या मधे देशाचं राजकारण चालू होतं आणि ते त्यात होते. काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गायला त्यांना बोलावत. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी धर्माच्या कारणावरून तिथं संगीताला हरकत घेतली. पलुसकर थांबले नाहीत, पूर्ण गायले. आणि १९३० ची दांडी यात्रा आठवा. त्या यात्रेत म्हटली गेलेली रामधून, जी आजही शाळेत दोन ऑक्टोबरला म्हणतात, तिची रूढ चाल पलुसकरांची मानली जाते. गंमत बघा, तुमच्यातल्या बहुतेकांनी पलुसकरांचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं असेल, पण त्यांची चाल तुम्ही पहिलीपासून गाताय.

शेवटची वर्षं त्यांनी रामभक्तीत घालवली. नाशिकला आश्रम केला. कीर्तनकाराचा मुलगा पुन्हा रामनामाकडे गेला. २१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेत त्यांचं निधन झालं. जिथून निघाले होते, तिथंच. त्यांची बाकीची मुलं लहानपणीच गेलेली. मागे राहिलेला दत्तात्रय तेव्हा फक्त दहा वर्षांचा.

आता कुणी म्हणेल, शाळा लिलावात गेली, माणूस गेला, विषय संपला. तर नाही. त्याच वर्षी, म्हणजे १९३१ ला, शिष्य एकत्र आले आणि त्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. विनायकरावांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. देवधरांची शाळा मुंबईत आधीच चालू होती. कुमार गंधर्व शिकले ते तिथंच. आणि या मंडळानं परीक्षा सुरू ठेवल्या, वाढवल्या. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. केंद्रं गावोगावी. आज दहावीला शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षा पास झालेल्या मुलांना जे वाढीव गुण मिळतात, त्यातही या परीक्षा येतात.

म्हणजे माझी भाची पलुसकरांवर जो पाच मार्कांचा प्रश्न सोडवत होती, तो पेपरच पलुसकरांमुळे अस्तित्वात आहे. मिरजेतल्या त्या तरुणानं राजाचं ताट सोडलं नसतं, तर बेंबळीच्या पोरीला ख्याल शिकायला कुणाची मर्जी सांभाळावी लागली असती? आज तिला फॉर्म भरावा लागतो, फी भरावी लागते, बसची वेळ बघावी लागते. आणि ती मुलगी आहे, हेही विसरू नका. १८९० च्या त्या बेंबळीत मी एका पोराची कल्पना केली होती. पोरीची केलीच नाही. कारण तेव्हा घरातली बाई चारचौघांत गायली की लोक नावं ठेवत. शाळेत, वर्गात, पुस्तकातून, भजनासोबत गाणं शिकवल्यामुळे ते मध्यमवर्गीय घरात शिरलं आणि मुलींना शिकायला दार किलकिलं झालं.

आता दुसरी बाजू. ती न सांगता भाग संपवला तर ते पाठांतरच झालं.

गाणं "चांगल्या घरात" न्यायचं म्हणताना एक गोष्ट गृहीत धरली जाते की, आधी ते वाईट ठिकाणी होतं. पण आधी ते कुणाकडे होतं? उस्तादांकडे होतं, आणि पेशानं गाणाऱ्या बायकांकडे होतं. पलुसकरांनी शृंगाराचे शब्द काढून भक्तीचे शब्द घातले, कारण पालकांना मुलींच्या तोंडी ते शब्द नको होते. त्यातून मुलींना वाट मिळाली, हे खरं. पण ज्या बायकांनी ते गाणं जपलं होतं, त्यांच्याकडे पाठ फिरवली गेली, हेही खरं. आणि भजन, रामनाम, प्रार्थना अशी शाळेची घडण झाल्यावर, ज्या मुसलमान घराण्यांतून ही विद्या आली त्यांची मुलं त्या वर्गात किती रमली असती? मघाशी हस्सू खाँचं नाव लक्षात ठेवा म्हटलं होतं, ते यासाठी. भाचीच्या वहीत पलुसकर पाच मार्कांना आहेत. तिला विचारलं, पलुसकरांच्या गुरूंचे गुरू, त्यांचे गुरू कोण? तिला माहीत नव्हतं. मलाही भाग करायला बसल्यावरच नीट कळलं.

आणखी एक. परीक्षा देऊन महान गायक होतो का? केसरबाई केरकर गोव्याच्या. १८९२ चा जन्म. त्या अल्लादिया खाँसाहेबांकडे जुन्या पद्धतीनं, वर्षानुवर्षं समोर बसून शिकल्या. १९७७ साली व्हॉयेजर यान अंतराळात गेलं, त्यावरच्या सोनेरी तबकडीत पृथ्वीचे आवाज भरले, त्यात भारताकडून एकच गाणं आहे, केसरबाईंची भैरवी. ती कुठल्या प्रवेशिका-मध्यमेतून आलेली नाही. वर्गात राग शिकता येतो, पण गळ्यात जे उतरवायचं असतं त्याला अजूनही एकानं एकासमोर बसावंच लागतं. पलुसकरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. उपदेशक वर्गाची ती नऊ वर्षं त्यासाठीच होती. संध्याकाळच्या वर्गातून त्यांना गवई नको होते, ऐकणारे हवे होते. जाणकार कान तयार झाले तर गवयाला राजाची गरज उरत नाही, असा साधा हिशेब.

त्यांचा मुलगा, दत्तात्रय विष्णू पलुसकर, वडील गेल्यावर वडिलांच्या शिष्यांकडे शिकला. बापानं पेरलं ते मुलाला बापाच्या शिष्यांकडून मिळालं. १९५२ च्या 'बैजू बावरा' सिनेमात अमीर खाँसाहेबांसोबत त्यांची जुगलबंदी आहे. आज रात्री ती शोधून ऐका, हा गृहपाठ. १९५५ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. रेकॉर्डिंग मोजकीच आहेत, पण फोनवर मिळतात.

परत बेंबळी. हे सगळं भाचीला एकदम नाही सांगितलं. दोन दिवस जेवताना, गच्चीवर, तुकड्या-तुकड्यानं सांगत गेलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावून रियाजाला बसली. भूप राग. सा रे ग प ध, पाचच स्वर. तिची आजी भाजी निवडत बसली होती. थोडं ऐकून म्हणाली, "ही तर भूपाळीवानी लागायली. पर भूपाळी पहाटं म्हणत्यात, ही सांजच्याला काय म्हणायली?"

भाचीनं लगेच वहीतलं उत्तर दिलं: भूप, गानसमय रात्रीचा पहिला प्रहर. आजी म्हणाली, "आसंल बाई तुमच्या पुस्तकात." आणि तिनं तिची पहाटेची भूपाळी गुणगुणायला सुरुवात केली. दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या. आजीचं गाणं कुठल्याच परीक्षेला नाही. आजीला त्याची गरजही वाटत नाही. पण मला वाटलं, पलुसकर दिगंबरबुवांच्या घरातून असंच काहीतरी कानात घेऊन बाहेर पडले असतील, आणि म्हणूनच मैफलीच्या शेवटी भजन गायला त्यांना कधी कमीपणा वाटला नसेल.

निघायच्या सकाळी भाचीनं वही दाखवली. चार ओळींच्या जागी पाऊण पान झालं होतं. लाहोर का, तेही होतं. खाली मात्र एक प्रश्न लिहून त्याला गोल केला होता. मला विचारायचा राहिलेला. "मामा, मग त्यांचं कर्ज फिटलं का?"

म्हटलं, "नाही ग. इमारतच गेली त्यात."

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे लिहू का पेपरात? सरांनी सांगितलेल्यात हे नाही."

मी म्हटलं, "लिही. मार्क मिळो न मिळो, लिही."

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणी गाण्याची, तबल्याची, हार्मोनियमची परीक्षा दिली असेल आणि घरात कुठंतरी ते सर्टिफिकेट फाईलमधे पडलं असेल, तर आज एकदा काढून बघा. ते उभं करताना एका माणसाची इमारत गेली. आणि तुमच्या गावात पहाटे भूपाळी म्हणणारी आजी असेल तर फोनमधे रेकॉर्ड करून ठेवा. तिच्यासाठी कुणी शाळा काढलेली नाही.

पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, आणि उत्तर येत नसलेले प्रश्न विचारत राहा.